सार्वजनिक ठिकाणी व्हेप: ढग कसा आवरायचा, आणि न ओढणाऱ्यांना नेमकं काय खटकतं?

पायरीवरचा

नमस्कार मंडळी. सिगारेट सुटून व्हेप (ई-सिगारेट) हातात आला की बहुतेकांचा समज होतो, आता शेजारच्याला त्रास व्हायचं कारणच उरलं नाही. राख नाही, जळका वास नाही, थोटूक नाही. तरीही चारचौघांत पहिला झुरका सोडला की माना वळतात. कुणी खुर्ची मागे सरकवतं, कुणी लहान मुलाला पलीकडच्या बाजूला घेतं. तोंडाने मात्र कुणी काही बोलत नाही.

‘कायद्याने चालत असेल तिथे ओढा, नसेल तिथे नका’ एवढं उत्तर पुरेसं वाटत नाही. कायद्याने चालणाऱ्या जागीही हेच होतं. म्हणून चार गोष्टी विचारतो.

एक, बाहेर सोडलेल्या ढगात खरोखर काय असतं आणि ते हवेत किती वेळ राहतं? दोन, सेटअपमध्ये काय बदललं तर ढग आणि वास कमी होतो? तीन, उघड्यावर किती लांब उभं राहायचं, आणि दार, लिफ्ट, गाडी यांचं काय? चार, परवानगी कशी विचारायची?

सध्याचा सेटअप असा: ०.२ ओमची मेश कॉइल (लिक्विड तापवणारी धातूची जाळी), ६० वॅट, ७० टक्के व्हीजी (व्हेजिटेबल ग्लिसरीन) व ३० टक्के पीजी (प्रोपिलीन ग्लायकॉल) असलेलं लिक्विड, निकोटिन ३ मिलीग्रॅम प्रति मिली, गोड फळाचा फ्लेवर.

कॉइल_आणि_कापूस

सुरुवात तुमच्या सेटअपपासूनच करतो, कारण निम्मं उत्तर तिथेच दडलंय.

०.२ ओम आणि ६० वॅट हा थेट फुफ्फुसात ओढायचा प्रकार. त्याचा सगळा उद्देशच मोठा ढग हा आहे. मोकळ्या मैदानात किंवा स्वतःच्या खोलीत ठीक, पण माणसांच्या गर्दीत हे यंत्र तुम्ही कितीही सभ्यपणे वापरलंत तरी सभ्य दिसणार नाही.

साधा हिशोब करा. ३ मिलीग्रॅमचं लिक्विड दिवसाला १० मिली संपत असेल, तर कॉइलमधून ३० मिलीग्रॅम निकोटिन गेलं. २० मिलीग्रॅमच्या निकोटिन सॉल्टचं (घशाला सौम्य लागणारं निकोटिनचं रूप) दीड मिली लिक्विडही तेवढंच ३० मिलीग्रॅम देतं. निकोटिन तितकंच, पण कॉइलवर उकळलेलं लिक्विड जवळजवळ साडेसहा पट कमी. आजूबाजूच्या माणसांना तुमचं निकोटिन दिसत नाही, त्यांना ते लिक्विड दिसतं. म्हणून सार्वजनिक ठिकाणासाठी वेगळा, छोटा पॉड (काढता-घालता येणाऱ्या छोट्या टाकीचा व्हेप; त्या टाकीलाही पॉडच म्हणतात) ठेवा: ०.८ ते १.२ ओमची कॉइल, १० ते १५ वॅट, हवा आत घेणारं एअरफ्लोचं भोक बरंचसं बंद, आणि ५०/५० (व्हीजी-पीजी निम्मं-निम्मं) लिक्विड. झुरका सिगारेटसारखा, आधी तोंडात आणि मग आत.

व्हीजीमुळे ढग का वाढतो, तेही सांगतो. पीजी १८८ अंशांना उकळतं, व्हीजी २९० अंशांना. हवेत गेल्यावर पीजीचे थेंब लवकर उडून जातात, व्हीजीचे रेंगाळतात. वर व्हीजी हवेतला ओलावा ओढून घेतं. त्यामुळे दमट दिवशी तोच झुरका जास्त दाट दिसतो आणि जास्त वेळ लोंबकळतो. थंडीत तर तुमच्या श्वासातली वाफही त्यात मिसळते, आणि १२ वॅटचा पॉडसुद्धा लांबून चिमणीसारखा दिसतो. त्या दिवशी अंतर वाढवायचं, दुसरा उपाय नाही.

बदल करताना लोक तीन जागी चुकतात.

पहिली चूक: जुनं ७०/३० लिक्विड तसंच नव्या छोट्या पॉडमध्ये ओततात. ते दाट असतं, १ ओमच्या कॉइलची भोकं लहान, तिला लिक्विड पुरवणारा कापूस पुरेसा भिजत नाही. तिसऱ्या-चौथ्या झुरक्याला जळका झटका बसतो. तो नुसता बेचव नसतो. कोरड्या कापसावर तापलेल्या कॉइलमधून फॉर्माल्डिहाइडसारखे विषारी पदार्थ जास्त निघतात. जळकी चव आली की थांबायचं, ‘आणखी एक ओढून बघू’ करायचं नाही.

दुसरी याच्या उलट: २० मिलीग्रॅमचं सॉल्ट ०.२ ओमच्या टाकीत. दोन झुरक्यांत चक्कर, मळमळ, उचकी. हे लिक्विड फक्त कमी वॅटच्या पॉडसाठी.

तिसरी घाईची: नवी कॉइल बसवली आणि लगेच ओढायला सुरुवात. दिसणाऱ्या कापसावर तीन-चार थेंब टाका, पॉड भरा, दहा मिनिटं उभा ठेवा, आणि कॉइलवर लिहिलेल्या वॅटच्या सगळ्यात खालच्या आकड्यापासून सुरू करा.

वासाबद्दल. गोड फळं, मलईदार मिठाया आणि दालचिनी हे फ्लेवर खोलीत सगळ्यात लांब पोचतात. कमी वास हवा असेल तर बिनफ्लेवरचं ५०/५० घ्या. नुसतं फिकं वाटत असेल तर डब्ल्यूएस-२३ हा गारवा देणारा घटक थोड्या प्रमाणात चालतो. मेंथॉलसारखा थंडपणा मिळतो, वास मात्र जवळजवळ नाही. गोड लिक्विडमधला सुक्रालोज (गोडवा देणारा घटक) कॉइलवर करपून काळा थर धरतो, म्हणून बिनगोड लिक्विडवर कॉइलही जास्त दिवस टिकते. तंबाखूचा फ्लेवर मात्र लोकांसमोर टाळा. ऐकणाऱ्याला तुम्ही व्हेप म्हणाल, वास घेणाऱ्याला ती सिगारेटच वाटणार.

खेळती_हवा

वायुवीजनाच्या बाजूने लिहितो.

पहिल्यांदा एक शब्द बाजूला ठेवूया: वाफ. ‘नुसती पाण्याची वाफ आहे’ हे वाक्य व्हेप ओढणाऱ्यांच्या तोंडी सतत असतं आणि ते चुकीचं आहे. ते धुकं आहे. पीजी आणि व्हीजीचे अतिशय बारीक थेंब, त्यात विरघळलेलं निकोटिन, फ्लेवरची रसायनं, फॉर्माल्डिहाइडसारखे थोडे आल्डिहाइड आणि कॉइलच्या धातूचे सूक्ष्म अंश. निकोटिनचा मोठा भाग ओढणाऱ्याच्या शरीरात राहतो, पण सगळा नाही. उरलेला हवेत जातो आणि भिंती, काच, कपडे यांवर बसतो.

सिगारेटशी तुलना करताना मात्र एक मोठा फरक प्रामाणिकपणे सांगायला हवा. सिगारेटचं टोक दोन झुरक्यांच्या मधेही जळत असतं आणि शेजाऱ्याच्या वाट्याला येणारा बहुतेक धूर त्या टोकाचाच असतो. व्हेपला असं जळतं टोक नाही. बाहेर पडतं ते फक्त तुम्ही सोडलेलं. त्यामुळे शेजाऱ्याच्या वाट्याला सिगारेटपेक्षा बरंच कमी येतं. ‘बरंच कमी’ म्हणजे ‘काहीच नाही’ नव्हे. पीजीने घसा आणि डोळे चुरचुरतात, आणि दमा असलेल्याला वासाची रसायनंही पुरेशी होतात.

किती वेळ टिकतं? डोळ्यांना दिसणारा छोटा ढग काही सेकंदांत विरतो, म्हणून लोक निश्चिंत होतात. एकदा खोलीतले दिवे मालवून, मागे काळं कापड धरून, बाजूने टॉर्च मारून बघा. ढगाच्या कडा आधी विरतात, मधली पांढरी गुंतवळ सुटी होत जाते, मग काहीच दिसत नाही. पण टॉर्चचा झोत हवेत दुधट पट्ट्यासारखा अजून दिसतच असतो. थेंब तिथे आहेत, फक्त विखुरले आहेत. आणि थेंब उडून गेले तरी त्यांतली रसायनं वायुरूपात खोलीतच उरतात. ती जायची तर हवा बदलावी लागते.

त्याचं गणित सोपं आहे. खोलीची हवा तासाला एकदा बदलत असेल (बंद खिडक्यांच्या खोलीत त्याहूनही कमी असते), तर एका तासात सुमारे ६३ टक्के घाण बाहेर जाते. ९५ टक्के जायला तीन तास लागतात. तासाला सहा वेळा बदलत असेल तर तेच काम अर्ध्या तासात होतं. म्हणजे ‘तुम्ही यायच्या आधी ओढून घेतलं’ यात बंद खोलीत फारसा अर्थ नाही.

पंख्याने हवा बदलत नाही, ढवळली जाते. कोपऱ्यातला ढग सगळ्यांच्या वाट्याला समान येतो, एवढंच. भिंतीवरचा स्प्लिट एसीसुद्धा बहुधा खोलीतलीच हवा फिरवतो, बाहेरची आत आणत नाही. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडल्या तर खरी हवा बदलते.

लिफ्ट: पाच-सहा घनमीटरची बंद पेटी. तुम्ही एकटे असलात तरी पुढच्या मजल्यावर चढणारा तुमचाच ढग घेणार. लिफ्टमध्ये कधीच नाही. जिन्यातही नाही, कारण जिना उभा बोगदा असतो आणि खालचा वास वरच्या मजल्यांवर चढतो.

इमारतीचं दार: बरेच जण शिष्टाचार म्हणून ‘बाहेर’ येतात आणि दाराला टेकून उभे राहतात. उंच इमारतीत आतली हवा बाहेरच्यापेक्षा गरम असेल तर ती वर चढते आणि खालच्या दारातून बाहेरची हवा आत खेचली जाते. तुमचा ढग त्या ओढीबरोबर थेट आत. दारापासून आठ-दहा मोठी पावलं बाजूला जा, आणि भिंतीवर जाळीदार खिडकीसारखी हवा घेण्याची जागा दिसली तर तिच्यापासूनही.

बसथांब्याचा आडोसा तीन बाजूंनी बंद असतो. छपराखाली असलात तर ते ‘उघडं’ धरू नका. आडोशाबाहेर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभं राहा. वारा कळत नसेल तर झुरका घेण्याआधी ओला केलेला अंगठा धरा. ज्या बाजूला गार लागेल तिकडून वारा येतोय.

धूरसूचक यंत्रांबद्दल शेवटचं. प्रकाशावर चालणाऱ्या यंत्रात अंधाऱ्या कप्प्यात एक किरण असतो. थेंबांवरून तो विखुरला आणि बाजूच्या डोळ्यावर पडला की भोंगा वाजतो. यंत्राला थेंब धुराचे की व्हेपचे ते कळत नाही. हॉटेलच्या खोलीत, स्वच्छतागृहात, वसतिगृहात ‘धूर नाही ना’ म्हणून ओढलं की पूर्ण इमारत रिकामी करायची वेळ येऊ शकते. आणि यंत्रावर पिशवी चढवून ओढणं हा तर निव्वळ गुन्हेगारी निष्काळजीपणा आहे, त्यात दुसऱ्यांचा जीव असतो.

शेजारची_खुर्ची

वरच्या दोघांनी यंत्र आणि हवा सांगितली. न ओढणाऱ्याच्या बाजूने काय दिसतं ते मी लिहिते, कारण पायरीवरचा यांचा खरा प्रश्न तोच आहे.

पहिलं, डोळ्याला फरक कळत नाही. तोंडातून पांढरं काहीतरी निघालं की पाहणाऱ्याच्या मनात ‘धूर’ हाच शब्द येतो. तुम्हाला फरक माहीत आहे म्हणून तुम्ही निर्धास्त असता, समोरचा नसतो. त्यात २०१९ साली अमेरिकेत व्हेपमुळे फुफ्फुसं निकामी झाल्याच्या बातम्या सगळीकडे गेल्या. ते आजार मुख्यतः गांजाच्या अर्काच्या काडतुसांत मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटशी जोडले गेले, हे मागाहून आलं आणि फार कमी लोकांपर्यंत पोचलं. फेब्रुवारी २०२० पर्यंत तिथे २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले होते. शेजारच्या टेबलावरची आई हे आकडे विसरली असेल, भीती विसरलेली नसते. तिच्याशी रसायनशास्त्रावर वाद घालू नका.

दुसरं, सिगारेटला शेवट असतो. पाच-सात मिनिटांत ती संपते, विझते, माणूस मोकळा होतो. व्हेपला शेवट नाही. एक झुरका, मग बोलणं, मग पुन्हा एक, तासभर. शेजारी बसलेल्याला हे कधी थांबणार तेच कळत नाही, आणि चीड येते ती बहुतेक या अनिश्चिततेची. म्हणून सिगारेटचीच शिस्त लावा: उठा, बाहेर जा, सहा-आठ झुरके घ्या, यंत्र खिशात टाका, परत या. टेबलावर ठेवलेला, दर दोन मिनिटांनी उचलला जाणारा व्हेप हा न बोलता दिलेला त्रास असतो.

तिसरं, गोड वास. जळक्या वासाने माणूस सावध होतो, गोड वासाने आधी गोंधळतो. मग तो वास कुणाच्या तोंडातून आला हे कळल्यावर किळस येते. दुसऱ्याच्या श्वासातून आलेली गोष्ट आपल्या नाकात जाणं, हीच मूळ तक्रार असते. सुगंध चांगला आहे की वाईट याचा तिथे संबंध नाही. ‘अहो, पण किती छान वास आहे’ हे उत्तर म्हणून सगळ्यात वाईट.

चौथं फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. गटात नुकतीच सिगारेट सोडलेला माणूस असू शकतो. हात ओठांकडे जाणं, श्वास ओढणं, सोडणं, हे बघूनच त्याची तल्लफ जागी होते. तसा कुणी आहे हे ठाऊक असेल तर त्याच्या नजरेआड जाऊन ओढा.

लहान मुलं, गरोदर बाई, दम्याचा माणूस, पिंजऱ्यातला पक्षी किंवा कुत्रा-मांजर असलेलं घर: इथे विचारायचंच नाही. विचारलं की समोरच्याला नाही म्हणायचं ओझं येतं. सरळ बाहेर.

आणि विचारायची पद्धत. ‘ओढू का? चालेल ना?’ असं विचारलंत तर दहापैकी नऊ माणसं भिडेखातर ‘चालेल’ म्हणतील. तो होकार नसतो. प्रश्न असा करा की नकार सोपा होईल: ‘मी जरा बाहेर जाऊन येतो, इथे नकोच ना?’ यावर मनापासून कुणाला हरकत नसेल तर ते स्वतःहून म्हणतील, ‘अहो, बसा, इथेच ओढा.’ तो खरा होकार. तोही घरच्या यजमानाचा, आणि तुमच्या सगळ्यात जवळ बसलेल्याचा, दोघांचा हवा. यजमानाने हो म्हटलं म्हणून पाहुण्यांचे श्वास त्यात आले नाहीत.

मंद_झुरका

बाकी सगळं पटलं, पण एक पर्याय राहिला. छोटा झुरका घेऊन चार-पाच सेकंद आत धरला तर बाहेर जवळजवळ काहीच दिसत नाही. कुणाला कळतही नाही, त्रासही नाही. गर्दीत दरवेळी बाहेर जाणं शक्य नसतं. लांबच्या प्रवासात, लांबलेल्या बैठकीत हा मार्ग दोघांच्याही सोयीचा नाही का?

खेळती_हवा

मंद_झुरका, ढग नाहीसा होतो याचं कारण थेंब तुमच्या श्वसनमार्गाच्या ओल्या भिंतींवर बसतात. तेवढं कमी बाहेर येतं, हे खरं. पण सगळं अडकत नाही. वायुरूपातली रसायनं आणि वास बाहेर येतोच. दिसणं बंद होतं, असणं नाही. आता काही स्वच्छतागृहांत, शाळांत बारीक कण आणि उडणारी रसायनं दोन्ही मोजणारी यंत्रं बसवतात. त्यांना न दिसणारा झुरकाही कळतो.

दुसरं, सेकंद मोजत श्वास धरण्याच्या नादात माणूस एकामागून एक झुरके घेतो, आणि २० मिलीग्रॅमच्या सॉल्टवर हे फार पटकन अंगाशी येतं.

शेजारची_खुर्ची

आणि माणसांचं सांगायचं तर लपवून ओढलेला व्हेप उघड ओढलेल्यापेक्षा जास्त महागात पडतो. उघड ओढणाऱ्याला लोक ‘जरा तिकडे जाता का’ म्हणू शकतात. बाहीत लपवून ओढणाऱ्याला आपण चुकतोय हे माहीत होतं, हेच सिद्ध होतं. बैठकीत एकदा कुणाच्या लक्षात आलं की त्या माणसाच्या बाकीच्या गोष्टींकडेही लोक त्याच नजरेने बघू लागतात. त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक व्हेपवाल्याकडेही.

बाहेर जाता येत नसेल तेव्हा निकोटिनचं च्युइंगम किंवा चघळायची गोळी हा सरळ उपाय आहे. च्युइंगम २ आणि ४ मिलीग्रॅममध्ये मिळतं. साध्या च्युइंगमसारखं सतत चावायचं नाही. तिखट चुरचुर जाणवेपर्यंत सावकाश चावायचं, मग गाल आणि हिरडीच्या मधे दाबून ठेवायचं, चुरचुर ओसरली की पुन्हा. असं साधारण अर्धा तास. भराभर चावून रस गिळला तर उचकी आणि छातीत जळजळ होते, निकोटिनही धड मिळत नाही. आधीच्या पंधरा मिनिटांत कॉफी किंवा थंड पेय घेतलेलं नसावं, आंबट तोंडात निकोटिन नीट शोषलं जात नाही.

मंद_झुरका

बैठकीतलं पटलं. च्युइंगमची पद्धत नेमकी सांगितलीत त्याबद्दल आभार.

पायरीवरचा

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन यंत्रं वेगळी ठेवायचं ठरवलं: घरी ०.२, बाहेर १.० ओम, १२ वॅट, ५०/५०, बिनफ्लेवर.

तीन गोष्टी उरल्या. प्रवासात आणि विमानात काय काळजी घ्यायची? गाडीत एकटं असताना ओढलं तर कुणाचं काय जातं? आणि लिक्विड गळलं किंवा पॉड संपला तर तो टाकायचा कुठे?

बॅग_भरलेली

प्रवासाचं सांगतो. शिष्टाचाराच्या आधी कायदा बघा, कारण देशागणिक तो पूर्ण उलटा होतो. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवणूक, जाहिरात सगळ्यांवर बंदी आहे. सिंगापूरमध्ये फेब्रुवारी २०१८ पासून जवळ बाळगणं आणि वापरणंसुद्धा गुन्हा आहे. थायलंडमध्ये आयात आणि विक्री बंद आहे. ऑस्ट्रेलियात जुलै २०२४ पासून विक्री फक्त औषधाच्या दुकानांतून. ब्रिटनमध्ये चालतं, पण एकदा वापरून फेकायचे व्हेप विकायला १ जून २०२५ पासून बंदी आहे. युरोपीय संघात निकोटिन जास्तीत जास्त २० मिलीग्रॅम प्रति मिली, टाकी २ मिली, बाटली १० मिली. ‘माझ्याकडे चालतं’ हे परदेशी सीमेवर उत्तर होत नाही. बंदी असलेल्या देशात उतरायचं असेल, अगदी विमान बदलायला का असेना, तर यंत्र घरी ठेवा.

विमानात: २०१५ पासून आंतरराष्ट्रीय नियम असा की व्हेप चेक-इनच्या सामानात टाकायचा नाही, केबिनच्या पिशवीतच ठेवायचा, आणि विमानात चार्ज करायचा नाही. कारण लिथियम बॅटरी. सामानाच्या कप्प्यात पेटली तर विझवायला कुणी पोचत नाही. सुटी १८६५० बॅटरी (मोठ्या व्हेपमधली लांबट गोल लिथियम बॅटरी) प्लॅस्टिकच्या डबीत. खिशात किल्ल्या-नाण्यांबरोबर ठेवलीत तर दोन टोकं जुळून ती तापते आणि फुटते. वरचं वेष्टण फाटलेली, आतला धातू दिसणारी बॅटरी वापरायचीच नाही. प्रवासातही नाही, घरीही नाही.

विमान वर चढलं की केबिनचा दाब साधारण अडीच हजार मीटर उंचीवर असतो तेवढा खाली येतो. टाकीतली हवा फुगते आणि लिक्विडला कॉइलमधून बाहेर ढकलते. म्हणून निघण्यापूर्वी टाकी रिकामी करा किंवा काठोकाठ भरा, अर्धी ठेवू नका. एअरफ्लो बंद, तोंड वर, झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत. उतरल्यावर पहिला झुरका घेण्याआधी टिश्यू गुंडाळून तोंड खाली करून दोनदा झटका. नाहीतर गरम लिक्विड थेट जिभेवर उडतं.

विमानाच्या स्वच्छतागृहात ओढायचं नाही. तिथेही धूरसूचक आहे आणि कोणताही व्हेप विमानात चालत नाही. यावर चर्चेची जागा नाही.

कॉइल_आणि_कापूस

गाडीचं: काच बंद ठेवून आठवडाभर ओढा, मग समोरच्या काचेवर आतून बोट फिरवा. बोटामागे स्वच्छ रेघ उमटते आणि बोट किंचित बुळबुळीत होतं. तो व्हीजी आणि पीजीचा थर आहे, त्यात निकोटिनही. रात्री समोरून दिवा आला की तीच काच दुधाळ होते आणि रस्ता दिसत नाही. कोरड्या फडक्याने तो फक्त पसरतो. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या फडक्याने, मग स्वच्छ कोरड्या मायक्रोफायबरने पुसा. गाडीत मागाहून मूल बसणार असेल तर तो थर सीटवर आणि दाराच्या कडीवरही आहे हे धरून चाला, आणि त्या गाडीत ओढूच नका.

घरातल्या संगणकाच्या पडद्यावरही हाच थर बसतो. पडद्यावर अल्कोहोल वापरू नका, वरचा लेप खराब होऊ शकतो. किंचित ओलं मऊ फडकं पुरतं.

गळती: पॉडच्या तळाशी लिक्विड साचून गुडगुड आवाज येत असेल तर कॉइल बुडाली आहे. जोरात ओढून ती मोकळी होत नाही, उलट आणखी लिक्विड आत येतं. पॉड काढा, टिश्यूवर तोंड खाली करून झटका, तळ आणि संपर्काच्या पट्ट्या पुसा, मग बटण न दाबता एअरफ्लोच्या बाजूने हळू फुंका. तरी थांबलं नाही तर कॉइल बदला. तो टिश्यू हॉटेलच्या टेबलावर सोडून जाऊ नका. २० मिलीग्रॅमचं लिक्विड कातडीतूनही शोषलं जातं. तुमच्या मागून तो उचलणाऱ्या कामगाराला ते कशाचं आहे हे कळणार नाही. हाताला लागलं तर साबणाने धुवा. लहान मुलाच्या पोटात गेलं असेल तर वाट बघत बसू नका, लगेच दवाखाना, आणि बाटली बरोबर न्या म्हणजे डॉक्टरांना ताकद कळेल.

टाकायचं: रिकामा पॉड तोंड बांधलेल्या पिशवीत, मुलांच्या आणि जनावरांच्या हाती लागणार नाही असा. बॅटरी असलेली कोणतीही वस्तू साध्या कचऱ्यात नाही. कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली की लिथियमची बॅटरी पेटते आणि गाडीतला सगळा कचरा घेऊन जाते. सुट्या बॅटरीच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात द्या. फेकायच्या व्हेपमध्येही आत बॅटरी असतेच.

आणखी एक, बारीक पण चारचौघांत उपयोगी. बटण असलेल्या यंत्रात ते पाच वेळा पटापट दाबलं की बहुधा कुलूप लागतं, पुन्हा पाच वेळा दाबलं की उघडतं. खिशात टाकण्याआधी नेहमी लावा. बसताना बटण दाबलं गेलं तर कॉइल कापूस जाळत राहते आणि खिशातून धूर निघतो. बटण नसलेले, ओढल्यावर आपोआप सुरू होणारे पॉड असतात, त्यांच्या तोंडावर रबरी टोपी घाला. टोपी हरवली असेल तर पॉड काढून वेगळा ठेवा.

पायरीवरचा

माझ्या मॉडला (घरच्या मोठ्या यंत्राला) कुलूप तीनदा दाबल्यावर लागतं, पाचदा नाही. आत्ताच तपासलं. प्रत्येकाने आपापलं तपासून घ्या.